टाकी भरते, पण आकडा हलत नाही

यंदाच्या पावसाळ्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रं डिह्युमिडिफायरबद्दलची, म्हणजे खोलीतल्या हवेतली ओल काढून टाकीत जमा करणाऱ्या यंत्राबद्दलची होती. एकाच दुखण्याची चार-पाच पत्रं होती तिथे त्यातलं एकच निवडलं आहे. बटणं आणि एररचे कोड मॉडेलागणिक वेगळे असतात, तेव्हा कोडचा अर्थ यंत्राच्या पुस्तिकेतच बघावा. बाकी खाली जे दिलं आहे ते कॉम्प्रेसरवर चालणाऱ्या घरगुती यंत्रांना सरसकट लागू पडतं.

रोज बारा लिटर पाणी काढणारं यंत्र घेतलं. टाकी दिवसातून दोनदा ओततो, तरी आर्द्रतेचा आकडा ७२च्या खाली येत नाही. यंत्र खराब समजायचं का?
— एक वाचक, डोंबिवली

टाकी दोनदा भरते आहे म्हणजे यंत्र ठणठणीत आहे. प्रश्न पाणी येतंय कुठून हा आहे.

दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली घ्या. तिच्यात साधारण ३४ घनमीटर हवा मावते. तापमान २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर या सगळ्या हवेत मिळून पाणी असतं जेमतेम ८०० ग्रॅम. ते ५५ टक्क्यांवर आणायला त्यातलं २७५ ग्रॅमच्या आसपास काढावं लागतं. एक मोठा पेला, बस्स. मग टाकीत लिटरच्या लिटर जमतं ते काय? त्यातलं काही गाद्या, उशा, पडदे, पुस्तकं, प्लायवूड आणि भिंतीचं प्लास्टर यांनी जूनपासून पिऊन ठेवलेलं असतं. हवा कोरडी होऊ लागली की ते हळूहळू बाहेर येतं, म्हणून पहिला आठवडाभर टाकी झपाट्याने भरते आणि आकडा मात्र जागचा हलत नाही. यात चिंतेचं काही नाही.

दुसरी वाट बाहेरच्या हवेची, आणि खरी गळती तिथे असते. खोलीतली हवा तासातून एकदा जरी बदलली, तरी तो मोठा पेला दर तासाला नव्याने आत येतो. म्हणजे दिवसाचे साडेसहा लिटर. सरकत्या काचांमधली फट, दाराखालची बोटभर जागा, एसीच्या पाइपाभोवतीचं न बुजवलेलं भोक, यांतून तासाला दोन-तीनदा हवा सहज बदलते. झाले तेरा ते वीस लिटर. त्यात खोक्यावर छापलेले तुमचे बारा लिटर हे ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला मोजलेले असतात. २७ अंश आणि ६० टक्क्यांवर तेच यंत्र निम्म्याच्या आसपास पाणी काढतं. तेव्हा हॉल, स्वयंपाकघर आणि पॅसेज अशा एकमेकांत उघडणाऱ्या जागेत ते जिंकणं शक्यच नाही.

एकच खोली निवडा. खिडक्या लावा, दाराखाली जुना टॉवेल गुंडाळून ठेवा, खोलीला लागून बाथरूम असेल तर त्याचा एक्झॉस्ट पंखा बंद ठेवा. तो पंखा घरातली हवा बाहेर फेकतो आणि तेवढीच ओली हवा फटींतून आत ओढतो, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. यंत्र भिंतीपासून आणि पडद्यापासून फूटभर लांब, छताचा पंखा एकवर, आणि ४८ तास दार उघडझाक कमीत कमी. आकडा साठीच्या आत आला तर यंत्र चांगलं आहे आणि तुमची अपेक्षा मोठी होती, एवढाच अर्थ.

आकड्यावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका. यंत्रातला सेन्सर यंत्राजवळचीच हवा मोजतो आणि पाच टक्के इकडेतिकडे असणं नेहमीचं. वेगळा छोटा डिजिटल मापक आणा, पण त्याचीही परीक्षा घ्या. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, त्यात थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा. मीठ विरघळता कामा नये. झाकण आणि मापक दोन्ही झिपच्या पिशवीत घालून पिशवी घट्ट बंद करा आणि आठ-दहा तास हात लावू नका. आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिर होते. मापक ७९ दाखवत असेल तर यापुढे प्रत्येक आकड्यातून चार वजा करायचे.

यंत्र लावल्यापासून बेडरूम गरम होते. गॅस गेला असेल का?
— एक वाचक, ठाणे

नाही. खोली गरम होणं हे यंत्र काम करत असल्याचंच लक्षण आहे. एसीचा गरम भाग घराबाहेर असतो, याचा गरम भाग याच्याच पोटात, थंड कॉइलच्या (ज्या वेटोळ्या नळ्यांवर पाणी जमतं त्यांच्या) मागे असतो. वाफेचं पाणी होताना प्रत्येक लिटरमागे ०.६८ युनिटइतकी उष्णता सुटते, ती खोलीतच राहते. २५० वॉटचं यंत्र तासाला ४०० मिलि पाणी काढत असेल, तर दोन्ही मिळून अर्ध्या किलोवॉटचा हीटर लावल्यासारखं होतं. बंद खोलीत दोन-तीन अंश वाढ अपेक्षितच आहे. झोपायच्या आधी तीन-चार तास चालवून घ्या आणि झोपताना बंद करा.

यंत्राऐवजी एसीचा ड्राय मोड चालेल का, असंही अनेकांनी विचारलं आहे. मे-जूनच्या उकाड्यात तो उत्तम. पण जुलैत खोली आधीच २५ अंशांवर असते. कॉम्प्रेसर थोडा वेळ चालून थांबतो, पंखा फिरत राहतो आणि कॉइलवरचं पाणी पुन्हा हवेत मिसळतं. खोली गार आणि ओली, दोन्ही.

टाकी रिकामी करून परत बसवली तरी ‘टाकी भरली’चा दिवा जात नाही, यंत्र सुरूच होत नाही.
— एक वाचक, नाशिक

मेकॅनिक बोलावण्याआधी टाकी बाहेर काढून उजेडात धरा. एका कोपऱ्यात थर्मोकोलचा किंवा पोकळ प्लास्टिकचा फ्लोट दिसेल, बिजागरीवर वरखाली होणारा. बहुतेक यंत्रांत त्याच्या टोकाशी काडेपेटीच्या निम्म्याहून लहान असं एक लोहचुंबक बसवलेलं असतं. फ्लोट खाली असला की ते चुंबक यंत्राच्या आतल्या स्विचसमोर येतं आणि यंत्राला कळतं की टाकी जागेवर आहे आणि रिकामीही आहे. पाणी चढलं, फ्लोट उचलला गेला, चुंबक सरकलं, की यंत्र बंद.

आता बोटाने फ्लोट हलवून बघा. तो बुळबुळीत थराने किंवा क्षाराने बिजागरीत अडकलेला असतो, दहातल्या सात वेळा एवढंच निघतं. कोमट पाण्यात अर्धी वाटी व्हिनेगर घालून टाकी अर्धा तास भिजत ठेवा, जुन्या टूथब्रशने बिजागरी घासा. फ्लोट स्वतःच्या वजनाने पडला पाहिजे, ढकलावा लागता कामा नये. मग चुंबक जागेवर आहे का बघा. टाकी घासताना ते निसटून मोरीत गेल्याचं नंतर लक्षात येतं. फ्रिजवर चिकटवायचं एखादं चुंबक यंत्राच्या त्या भागाजवळ, टाकीच्या खाचेत, हळूहळू फिरवा. दिवा गेला तर स्विच चांगला आहे आणि दोष फ्लोटचा आहे. काही केल्या जात नसेल तर स्विच किंवा त्याची वायर बदलायची.

ज्या यंत्रांत चुंबकाऐवजी पत्र्याची छोटी दांडी असते तिथे ती वाकली आहे का तेवढं बघावं. आणि टाकी शेवटचा अर्धा सेंटिमीटर आत गेलेली नसते, हेही वारंवार होतं. ‘टक’ असा आवाज येईपर्यंत ढकला. स्विचच्या दोन वायरी जोडून यंत्र चालू करण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. टाकी ओसंडली की पाणी आधी विजेच्या भागांवर जातं.

महाबळेश्वरला आमचं छोटं लॉज आहे. पावसाळ्यात यंत्राच्या जाळीमागे बर्फ साचतो आणि पाणी येणं थांबतं. दोन मेकॅनिकनी गॅस भरला, पण दोन दिवसांत पुन्हा तेच.
— एक वाचक, महाबळेश्वर

गॅसवर पैसे घालवणं थांबवा. पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि खोलीत १७-१८ अंश तापमान, हे हवामान या जातीच्या यंत्राला मानवतच नाही.

हवेतली वाफ कॉइलवर जमायची तर कॉइल हवेपेक्षा बरीच थंड असावी लागते. खोली ३० अंशांवर असली तर कॉइल दहा-बारा अंशांवर राहते आणि पाणी टपटप गळतं. खोलीच १७ अंशांवर असली की कॉइल शून्याखाली उतरते आणि पाणी तिथेच गोठतं. बर्फ जमला की हवेची वाट बंद, वाट बंद झाली की कॉइल आणखी थंड, आणि बर्फ वाढतच जातो. चांगल्या यंत्रात हे ओळखून कॉम्प्रेसर काही मिनिटं थांबतो, नुसता पंखा चालतो आणि बर्फ वितळतो. त्या वेळी ‘यंत्र बंद पडलं’ असं वाटून बटण दाबत बसू नये.

गॅसचा दोष वेगळा ओळखता येतो. यंत्र बंद करून बर्फ पूर्ण वितळू द्या. सुरीने किंवा स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका, नळीला भोक पडलं तर यंत्र संपलं. फिल्टर धुऊन वाळवून बसवा. खोली २५ अंशांच्या वर असताना, हीटर लावून का होईना, अर्धा तास चालवा आणि टॉर्चने कॉइल बघा. सगळी कॉइल एकसारखी ओली असेल तर गॅस बरोबर आहे. पहिल्या एक-दोन वेटोळ्यांवरच बर्फ आणि बाकी कॉइल कोरडी ठाक असेल तर गॅस कमी आहे. मग गळती शोधून, जोड झाळूनच भरायचा, नुसता भरला तर पुन्हा जाणार. नव्या यंत्रांत आर-२९० असेल तर तो प्रोपेन आहे, म्हणजे ज्वालाग्राही. त्याच्यावर साध्या मेकॅनिकला झाळकाम करू देऊ नका.

तुमच्या उंचीवर डेसिकंट जातीचं यंत्र योग्य. त्यात कॉम्प्रेसर नसतो, झिओलाइटचं फिरतं चाक ओल शोषतं आणि आतला हीटर ते चाक सुकवत राहतो. थंडीत त्याचं काम मंदावत नाही. वीज जास्त खातं, ३०० ते ६०० वॉट, आणि बाहेर पडणारी हवा खोलीपेक्षा आठ-दहा अंश गरम असते. मुंबईत हा त्रास झाला असता, तुमच्या पाहुण्यांना सुख वाटेल.

टाकी ओतायचा कंटाळा येतो म्हणून नळी लावून बाथरूममध्ये सोडली. तरी पाणी टाकीतच जातं.
— एक वाचक, रत्नागिरी

नळीत पाणी फक्त उताराने जातं, आणि आपल्याकडे बाथरूमला उंबरा असतो. यंत्राचं नळीचं तोंड जमिनीपासून वीतभर उंच, नळी जमिनीवर लोळत आली, मग तीन-चार इंच उंबरा चढली. जमिनीवर पडलेल्या भागात पाणी साठतं, मध्ये हवेचा बुडबुडा अडकतो, आणि थेंबाथेंबाने येणाऱ्या पाण्याला तो ढकलण्याइतका जोर नसतो. ते मागे फिरून टाकीत उतरतं.

यंत्र फूट-दीड फूट उंच, न डुगडुगणाऱ्या स्टुलावर किंवा ओट्यावर ठेवा. नळी सरळ, दर फुटाला बोटाच्या पेराएवढा उतार, कुठेही झोळ नको. तिचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडवू नका. काही यंत्रांत नळी जोडताना आतलं रबरी बूच काढावं लागतं, ते तसंच राहिलं तरी हाच परिणाम होतो. आणि नळी लावली तरी टाकी जागेवर असावीच लागते, नाहीतर यंत्र सुरू होत नाही. महिन्यातून एकदा नळीत कोमट पाणी आणि व्हिनेगर सोडा. आत शेवाळासारखा थर धरतो, आणि कुबट वास येतो तोही बऱ्याचदा त्याचाच. व्हिनेगर वापरत असाल त्या दिवशी ब्लीच अजिबात नको. दोन्ही मिसळले की क्लोरीन सुटतो.

कपडे वाळवायला यंत्र वापरलं तर बिल किती येईल?
— एक वाचक, कोल्हापूर

चार किलो कोरडे कपडे धुऊन, मशीनमध्ये पिळून निघाले की त्यांत दोन ते अडीच लिटर पाणी उरतं. बारा लिटरचं यंत्र बंद खोलीत तासाला ३०० ते ४०० मिलि काढतं, म्हणजे सात तास धरा. २५० वॉटने पावणेदोन युनिट. तुमच्या बिलातला शेवटच्या टप्प्याचा दर लावून गुणा.

त्याआधी कपडे मशीनमध्ये दुसऱ्यांदा पिळून घ्या. मोटर फिरवून पाणी काढणं हे वाफ करून काढण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. दोरीवर दोन कपड्यांत चार बोटं जागा ठेवा, यंत्राचा झोत कपड्यांच्या खालून जाऊ द्या, समोरून टेबलफॅन लावा. आर्द्रतेचा आकडा ५० वगैरे न ठेवता यंत्र ‘सतत’वर चालवा. जीन्सचे खिसे बाहेर काढायला विसरू नका, शेवटी तेच ओले राहतात.

आमचं घर चिऱ्याचं आहे. पश्चिमेच्या भिंतीला दर पावसाळ्यात लोणा येतो, रंगाचे पापुद्रे सुटतात. मोठं, ३० लिटरचं यंत्र घ्यावं का?
— एक वाचक, म्हापसा, गोवा

घेऊ नका, निदान भिंत दुरुस्त करेपर्यंत नको. चिरा म्हणजे जांभा, आणि जांभा सच्छिद्र दगड आहे. नैर्ऋत्येचा वारा पाऊस आडवा आणून ज्या भिंतीवर मारतो ती भिंत चार महिने पाणी पीत असते. तुम्ही आतून हवा कोरडी केलीत की भिंतीतलं पाणी आणखी जोरात आत ओढलं जातं, येताना क्षार आणतं, पाणी उडून जातं आणि क्षार पृष्ठभागावर फुलतात. लोणा उलट वाढू शकतो.

खात्री करून घ्यायची तर भिंतीचा दीड फूट चौकोनी तुकडा पुसून कोरडा करा आणि त्यावर जाड पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा. दोन दिवसांनी प्लास्टिकच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला थेंब असतील तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या, खोलीकडच्या बाजूला दव असेल तर ते हवेतलं, आणि तिथे यंत्राचा उपयोग आहे. आत जमिनीलगतच्या दोन-तीन फुटांतच ओल असेल तर ती घराच्या पायातून वर चढणारी ओल समजा.

पाणी भिंतीतून येत असेल तर उपाय बाहेरून, आणि तोही उन्हाळ्यात: चिऱ्यांमधल्या दरजा कोरून भरणं, प्लास्टरच्या भेगा बुजवणं, छप्पर दोन फूट पुढे काढणं. पूर्वी झडीला आडोसा म्हणून माडाच्या झावळ्यांची झापं बांधत, त्यामागचं शास्त्र हेच. आतून ऑइलपेंट लावून ओल ‘दाबायचा’ प्रयत्न करू नका, पुढच्या वर्षी तो फुग्यासारखा सुटतो.

कपाटातल्या पैठण्यांना बुरशीचा वास येतो. कपाटात ठेवायचे छोटे डिह्युमिडिफायर चालतात का?
— एक वाचक, दादर, मुंबई

स्वस्तात मिळणारे, कॉम्प्रेसर नसलेले छोटे डबे पेल्टिअर जातीचे, म्हणजे विजेने एक बाजू थंड होणाऱ्या चकतीवर चालणारे असतात. दिवसाला पाव लिटर काढला तरी खूप. खोलीसाठी ते निरुपयोगी, बंद कपाटापुरते चालतात, पण वायरीमुळे दार नीट लागत नाही आणि त्या फटीतून ओल परत आत जाते.

पांढऱ्या गोळ्यांचे प्लास्टिकचे डबे, ज्यांच्या तळाशी पाणी जमतं, ते कॅल्शियम क्लोराइडचे. शोषतात चांगलं, पण खाली जमतं ते पाणी नसून खारट, चिकट द्रावण असतं. कलंडलं तर जरीचा नाश. ते पैठण्यांच्या कप्प्यात नकोत, सगळ्यात खालच्या कप्प्यात, ताटलीत ठेवा.

साड्यांसाठी सिलिका जेल बरं. रंग बदलणारं घ्या. नारिंगी असताना काम करतं, हिरवं झालं की भरलं; मग ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास ठेवलं की पुन्हा नारिंगी. निळ्या जेलमध्ये कोबाल्टचा क्षार असतो, ते टाळा. पण कुठलंही शोषक बंद, आधीच कोरड्या कपाटातच टिकतं. म्हणून क्रम असा: कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. पाठीमागच्या प्लायवर काळे ठिपके असतील तर पुसून सुकवा. मग खोली बंद करून, कपाटाची दारं सताड उघडी ठेवून, मोठं यंत्र दोन दिवस ५० ते ५५वर चालवा. साड्या सुट्या करून दोरीवर. त्यानंतर मलमलमध्ये गुंडाळून आत ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नको. ४०च्या खाली मात्र जाऊ नका. त्याच खोलीत तबला किंवा पेटी असेल तर कातडं आणि लाकूड तक्रार करतात.

न्यू जर्सीच्या बेसमेंटमध्ये वापरलेलं ५० पाइंटचं यंत्र पुण्याला आणावं का? शिवाय आधीचं ७० पाइंटचं होतं, हे ५०चं असून तेवढंच मोठं कसं?
— एक वाचक, एडिसन

आणू नका. ते १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झचं आहे. व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरने उतरवता येईल, पण ५० हर्ट्झ बदलत नाही. कॉम्प्रेसर हळू फिरतो आणि तापतो. ट्रान्सफॉर्मरची किंमत आणि सामानाचं वजन धरलं तर इथे नवं घेतलेलं परवडेल.

पाइंटचा घोळ मोजणीतला आहे. २०१९पासून अमेरिकेत चाचणी २६.७ अंशांऐवजी १८.३ अंशांवर होते, बेसमेंटच्या थंडाव्याला धरून. थंड हवेत पाणी कमी निघतं, म्हणून जुनं ७० पाइंट ते नवं ५०. पाइंट म्हणजे ०.४७ लिटर, त्या हिशेबाने ५० पाइंट साडेतेवीस लिटरच्या थोडं वर. पण आपल्याकडच्या ३० अंश, ८० टक्क्यांच्या आकड्याशी त्याची थेट तुलना करू नये.

गुहागरजवळ गावी कौलारू घर आहे. पावसाळाभर बंद असतं. यंत्र चालू ठेवून मुंबईला आलं तर? गेल्या खेपेला लावलं तेव्हा ते ‘घूं’ करून ‘टक’ वाजून बंद पडायचं, दर चार-पाच मिनिटांनी.
— एक वाचक, लालबाग, मुंबई

दोन गोष्टी. ‘घूं’ आणि ‘टक’ म्हणजे कॉम्प्रेसर फिरायला बघतो, फिरत नाही, तापतो, आणि त्याचा ओव्हरलोड स्विच त्याला तोडतो. गावच्या टोकाला संध्याकाळी व्होल्टेज पडतं हे पहिलं कारण. वायरमनकडून यंत्र चालू होण्याच्या क्षणी सॉकेटवर मोजून घ्या. १९०च्या आसपास उतरत असेल तर एक केव्हीएचा, तीन मिनिटांनी सुरू होणारा स्टॅबिलायझर लावा. व्होल्टेज बरोबर असूनही तेच होत असेल तर कॉम्प्रेसरला सुरू व्हायला जोर देणारा कपॅसिटर किंवा स्टार्ट रिले बिघडलेला. कपॅसिटरला प्लग काढल्यावरही चार्ज असतो, तेव्हा उघडायचं काम मेकॅनिकचं. एक शंका आणखी: यंत्र गाडीच्या डिकीत आडवं टाकून नेलं होतं का? तसं असेल तर उभं करून चोवीस तास थांबायचं असतं, तेल परत कॉम्प्रेसरमध्ये उतरायला.

आणि चालू ठेवून येणं, नाही. २०१३मध्ये अमेरिकेत वीस लाखांहून जास्त डिह्युमिडिफायर आगीच्या धोक्यामुळे परत मागवले गेले होते. माणूस नसलेल्या लाकडी वाशांच्या घरात कॉम्प्रेसर चार महिने चालवणं शहाणपणाचं नाही. वर विजा, वर लाइट जाणं. टचची बटणं असलेली बरीच यंत्रं लाइट आल्यावर आपोआप सुरू होत नाहीत, मग ते नुसतं उभं राहील. शिवाय कौलांच्या फटींतून हवा मुक्त फिरते. तिथे ३० लिटरचं यंत्रही अंगण सुकवल्यासारखंच.

गाद्या खाटेवर उभ्या करून, कपाटांची दारं किलकिली ठेवून या. उघडीप पडेल त्या दिवशी दोन-चार तास दारं-खिडक्या उघडायला शेजाऱ्यांना सांगा. गणपतीला दोन दिवस आधी पोचलात की माळा किंवा लाकडी छत असलेली एकच खोली निवडून, गाद्या आणि अंथरुणं तिच्यात भरून, यंत्र तुमच्या नजरेसमोर चालवा. पहिल्या दिवशी टाकी तीन-चारदा ओतावी लागेल.

टाकीतलं पाणी डिस्टिल्डच ना? इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालू का?
— एक वाचक, औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर

नको. क्षार कमी असतात हे खरं, पण ते पाणी धुळीने माखलेल्या कॉइलवरून ओघळून आलेलं असतं. त्यात तांब्या-ॲल्युमिनियमचे अंश, धूळ, बुरशीचे कण असतात. बॅटरीच्या प्लेटांना धातूचे अंश सोसत नाहीत. बाटलीबंद बॅटरीचं पाणी स्वस्त असतं, तेच घाला. पिण्याचा तर प्रश्नच नाही. फरशी पुसायला, संडासात ओतायला आणि शोभेच्या झाडांना चालेल. भाजीपाल्याच्या कुंडीत नको.